जुलै २०२०, ठाण्यात कोरोनामुळे परत लॉकडाऊन, निदान मार्चमधल्या या चुका टाळा

आषाढी झाली आणि दुसऱ्या दिवशी, २ जुलै २०२० ला सकाळी ७ पासून ठाणं परत बंद झालं, तेव्हातरी १२ तारखेपर्यंत म्हणून. आदल्या दिवशी नौपाड्यात किराणावाल्यासमोर तीच लाईन बघितली जी पहिला लॉकडाऊन जाहीर झाला त्या २४ मार्चच्या रात्री होती, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि लोक मिळेल ते उचलतायत. मीही तेव्हा १० किलो आटा, ५ किलो रवा आणला आणि आईच्या बीपीच्या गोळ्या राहिल्या. म्हणून आधी औषधं, गॅसचा नंबर, चहा-साखर, मग बाकीचं.

आता पाऊस आहे हे विसरू नका. मार्चमध्ये चाललं ते जुलैत चालत नाही, हवेत इतकी ओल असते की पीठाला लवकर वास लागतो, त्यामुळे थोडं थोडंच आणा. रवा, पोहे कोरडेच भाजून ठेवा, पण गरम गरम डब्यात भरायचे नाहीत, आत वाफ धरते आणि सगळंच जातं, ही चूक खूप जण करतात. पोरकिडे दिसले तर चाळून परत भाजा, जाळी धरली असेल किंवा कुबट वास असेल तर सरळ टाका. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, धुऊन वापरू नका, विषारी असतात. उपासाचे उरलेले असतील तर आजच बघा.

कांदे-बटाटे एकाच पिशवीत कोंबून ठेवू नका, वेगवेगळे, पेपरवर पसरून. भाजीचा क्रम ठरवा: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी-वांगी, मग कोबी, आणि अख्खा लाल भोपळा, सुरण शेवटी. मे महिन्यात वाशीचं एपीएमसी (घाऊक बाजार) ११ ते १७ बंद होतं तेव्हा आमच्याकडे भोपळा आणि मोडाची मटकीच होती. आणि प्लीज, भाजी साबणाने किंवा सॅनिटायझरने धुऊ नका, ते पोटात जातं! वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि हात धुवा, बास.

घरी कोणी कोरोना पॉझिटिव्ह असेल तर ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं बोटाला लावायचं यंत्र) लावताना बोट गार नको, नेलपेंट नको, पाच मिनिटं शांत बसवून आकडा स्थिर झाला की मगच वाचा. परत परत ९५ च्या खाली येत असेल तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागली ती. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, मुलगा बाहेरगावी. सोसायटीतली मुलं दर आठवड्याला दाराशी सामान ठेवून बेल वाजवून खाली येत होती, आणि आम्हाला वाटलं झालं आपलं काम. मी रोज फोन करून विचारायचे, आजोबा काही हवंय का, ते म्हणायचे नको गं, आहे सगळं. एप्रिलच्या शेवटी दारातून बघितलं तर डाळ-तांदळाच्या पिशव्या तशाच गाठ मारलेल्या, आजी गेल्यापासून गॅसवर चहाच होत होता, तीन आठवडे माणूस चहा-बिस्किटावर. मला रडूच आलं. "काही हवंय का" याला आपल्याकडे कोणीच हो म्हणत नाही, "आज जेवायला काय केलंत" असं विचारा, लगेच कळतं. त्यानंतर आम्ही वार लावून घेतले, रोज एका घरातून डबा, आणि जेवताना फोन स्पीकरवर, दहाच मिनिटं, पण रोज आणि ठरलेल्या वेळेला.

अजून एक, घाईघाईत राहून जाणारं. कामाच्या मावशींना यायला बंदी केलीत तरी पगार बंद करू नका. अंत्योदय आणि प्राधान्य रेशनकार्डावर माणशी ५ किलो फुकट धान्य तेव्हा नोव्हेंबर २०२० पर्यंत वाढवलं होतं, आणि ते नेहमीच्या रेशनच्या वर होतं, बऱ्याच जणींना हे माहितीच नव्हतं, असं काही असलं की फोन करून सांगा.