स्पार्क प्लग बदलताना

पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेत तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या मोटरसायकलचा प्लग लवकर काजळतो, म्हणून सर्व्हिसिंगची वाट न पाहता तो अधूनमधून काढून पाहावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पाना लावावा, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधील (इंजिनाच्या वरच्या भागातील) आटे सहज खराब होतात आणि ती दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या कित्येक पट महाग पडते. प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या खाचेतील धूळ हवेने किंवा ब्रशने काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

काढलेल्या प्लगचे टोक नीट पाहावे. फिकट तपकिरी रंग असेल तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे किंवा एअर फिल्टर तुंबल्याचे सांगते, तेलकट ओल पिस्टन रिंग अथवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शंका आणते, तर पांढरेफटक टोक अति तापल्याचे लक्षण असते. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही.

नाना पेठेत सुटा भाग घेताना मॅन्युअलमधील क्रमांकच मागावा. बजाज पल्सरच्या बहुतेक डीटीएस-आय (डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन) इंजिनांत दोन प्लग असतात, ते दोन्ही एकदमच बदलावेत. प्लगच्या टोकावरील दोन इलेक्ट्रोडमधील फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. ती बहुधा 0.7 ते 0.8 मिमी असते, तरी मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा. नवा प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवावा आणि वॉशर टेकल्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा द्यावा; अधिक जोर लावू नये.