दहावी विज्ञान भाग १ : भौतिकशास्त्रातल्या या चुका टाळा

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी. भिंगापासून ३० सेमीवर ५ सेमी उंचीची वस्तू. प्रतिमा कुठे, कशी आणि केवढी?

दहावीच्या पोरांनी हे गणित, निदान याचं भावंड, दहा-वीस वेळा सोडवलेलं असतं. तरी सराव पेपर तपासायला घेतले की लाल पेन इथेच जास्त झिजतं. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते चिन्हांवर.

एरंडोलकडच्या एका पोराच्या पेपरातलं उदाहरण घ्या. त्याने लिहिलं : १/व्ही + १/यू = १/एफ (यू म्हणजे वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ नाभीय अंतर). यू घेतला ३०, एफ घेतला २०. आकडेमोड केली, व्ही आला ६० सेमी. मागच्या पानावरचं उत्तरही ६०. पठ्ठ्या खूश. मग त्याने विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, ते काढलं : व्ही भागिले यू, म्हणजे ६० भागिले ३०, म्हणजे अधिक २. उंची अधिक १० सेमी. आणि शेवटी निकाल : ‘प्रतिमा वास्तव, सुलट आणि वस्तूच्या दुप्पट.’ गंमत म्हणजे त्याच पानावर खाली त्याने काढलेली किरणाकृती अगदी बरोबर होती, आणि तिच्यात प्रतिमा उलट होती. वर सुलट लिहिलं, खाली उलट काढलं, आणि दोन्हींत चार बोटांचं अंतर. गुण कापले तेव्हा म्हणे, ‘‘उत्तर ते बराबर उनं (आलं) ना, सर!’’

उत्तर ‘उनं’ ते दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं म्हणून. वरचं अधिकवालं सूत्र नववीतल्या आरशाचं आहे. भिंगाचं सूत्र १/व्ही − १/यू = १/एफ. आणि वस्तू भिंगाच्या डावीकडे असते, म्हणून यू उणे ३०. त्याने सूत्राचं चिन्हही उलटं घेतलं आणि यूचंही, म्हणून व्ही सुखरूप बाहेर आला. विशालनात मात्र त्याच यूला झाकायला दुसरी चूक नव्हती. तिथे भांडं फुटलं.

ज्यांची एकच चूक होते त्यांचा व्ही येतो १२ सेमी. हा आकडा पाहून खरं तर हात थांबायला हवा. समोर ठेवलेल्या वस्तूची वास्तव प्रतिमा बहिर्वक्र भिंग नाभीच्या अलीकडे कधीच देत नाही. नाभी २० वर आणि प्रतिमा १२ वर? पण थांबतं कोण. खाली रेघ मारून पुढचा प्रश्न.

यावर उपाय एकच, आणि तो पोरांना आवडत नाही, कारण त्यात सुरुवातीला अर्धा मिनिट ‘वाया’ जातो. गणिताला हात लावण्याआधी समासात कच्ची आकृती काढायची. पट्टी नको. एक आडवी रेघ, मध्ये भिंग, डावीकडे बाण. एफ आणि दोन एफच्या खुणा. वस्तू २० आणि ४० च्या मध्ये आहे, म्हणजे प्रतिमा पलीकडे ४० च्याही पुढे, उलट आणि मोठी. उत्तर साधारण काय यायला हवं ते आधीच कळलं. मग ‘दिलेले’ लिहिताना चिन्हासकट लिहायचं : यू = −३० सेमी, एफ = +२० सेमी, उंची = +५ सेमी. किंमत घालताना कंस हवाच. १/व्ही = १/२० + १/(−३०) = १/६०. इथे काही जण घाईत व्ही = १/६० लिहून मोकळे होतात. उलटवा. व्ही = +६० सेमी. विशालन ६० भागिले (−३०), म्हणजे −२. उंची −१० सेमी. उणे म्हणजे उलट. समासातल्या आकृतीशी जुळलं, पुढे चला.

अंतर्वक्र भिंग असेल तर एफ उणे, एवढंच लक्षात ठेवा. आणि भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये हवं : २० सेमी म्हणजे ०.२ मीटर, शक्ती +५ डायॉप्टर. ०.०५ डायॉप्टरचा चष्मा कोणी लावत नाही.

सूत्रांच्या त्रिकोणाबद्दल एक कटू गोष्ट. वर व्ही (इथे विभवांतर), खाली आय (विद्युतधारा) आणि आर (रोध), हवं ते अक्षर अंगठ्याने झाकलं की सूत्र तयार. ओहमच्या नियमापुरतं हे खेळणं ठीक आहे. पण त्याची सवय लागलेलं पोर भिंगाच्या सूत्रातही झाकायला काहीतरी शोधत बसतं. पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा लसावि काढून अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी हाताने यायलाच पाहिजे. तिथे कच्चे असाल तर दुरुस्ती गणिताच्या वहीत करा.

उष्णता : बर्फाचा हिशोब

दुसरी लाडकी चूक. ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ ४० अंशाच्या ३०० ग्रॅम पाण्यात टाकला. भांड्याने घेतलेली उष्णता सोडून द्या. शेवटचं तापमान किती?

अर्ध्या वर्गाचं उत्तर ३० अंश. १०० गुणिले ०, ३०० गुणिले ४०, बेरीज भागिले ४००. म्हणजे बर्फ हे नुसतं थंड पाणीच आहे असं धरलं. मे महिन्यात भुसावळला गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी पिंपात ओतून त्यात बर्फाची लादी सोडणाऱ्याला विचारा, बर्फ आणि थंड पाणी एकच का ते.

बर्फ आधी वितळतो, आणि वितळेपर्यंत त्याचं तापमान शून्याच्या वर सरकत नाही. त्यासाठी दर ग्रॅमला ८० कॅलरी लागतात. १०० ग्रॅमला ८००० कॅलरी. ३०० ग्रॅम पाणी ४० वरून शून्यावर उतरलं तर एकूण १२००० कॅलरी सोडू शकतं. त्यातल्या ८००० वितळण्यात गेल्या, उरल्या ४०००. त्या आता ४०० ग्रॅम पाण्यात वाटायच्या. उत्तर १० अंश. तीस आणि दहामधला सगळा फरक अप्रकट उष्म्याचा, म्हणजे तापमान न वाढवता नुसती अवस्था बदलण्यात जाणाऱ्या उष्णतेचा.

मी तरी या गणितांना आधी जिना काढायला लावतो. आडवी पायरी म्हणजे अवस्था बदलते, तापमान स्थिर. उभी चढण म्हणजे तापमान वाढतं. ० अंशाच्या ५ ग्रॅम बर्फाची १०० अंशाची वाफ करायची तर तीन तुकडे : ५ × ८० = ४००, मग ५ × १ × १०० = ५००, मग ५ × ५४० = २७००. बेरीज ३६०० कॅलरी. जिना न काढणाऱ्यांचा पहिला नाहीतर शेवटचा तुकडा हमखास गळतो. शेवटचा गळला तर तीन चतुर्थांश उत्तरच गेलं.

याच धड्यातली सापेक्ष आर्द्रता पोरं व्याख्या पाठ करून सोडून देतात. खान्देशात तरी हे व्हायला नको. कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, हे घरोघरी माहीत असतं. ‘पावसाळ्यात हवेत पाणी जास्त असतं’ एवढं लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त किती बाष्प धरू शकते आणि प्रत्यक्षात किती आहे, हे गुणोत्तर उत्तरात आलं पाहिजे. मेमध्ये ते कमी असतं, ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि लागणारा अप्रकट उष्मा हवेतूनच घेतं. जुलैत हवा आधीच संपृक्ततेच्या जवळ, पाणी उडायला जागाच नाही.

एककं

यावर फार लिहीत नाही, कारण कितीही लिहिलं तरी मिनिटांचे सेकंद करायचे राहतातच. २ अँपिअर, ५० ओहम, ५ मिनिटं. उष्णता म्हणजे धारेचा वर्ग × रोध × सेकंद : २ × २ × ५० × ३०० = ६०,००० ज्यूल. वेळ ५ च धरला की १००० ज्यूल येतात, आणि तेवढ्यात लिटरभर पाणी पाव अंशसुद्धा तापत नाही. शंका यायला एवढं पुरे.

केळीच्या बागेतल्या मोटारीचं गणितही असंच. ५ अश्वशक्ती, ८ तास लाईट, म्हणून ४० युनिट? १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ × ७४६ = ३७३० वॅट = ३.७३ किलोवॅट. गुणिले ८, म्हणजे २९.८४ युनिट. (शेतातलं मीटर याहून जास्त पळतं, कारण अश्वशक्ती ही मोटार बाहेर देते ती शक्ती. परीक्षेत तो फाटा फोडू नका.) ज्यूलमध्ये मागितलं तर १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

किरकोळ, पण गुण खाणाऱ्या

किरणाला बाण नाही तर तो किरण नाही, नुसती रेघ आहे. आभासी किरण तुटक.

आपाती कोन स्तंभिकेपासून (पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेघेपासून) मोजायचा, काचेच्या पृष्ठभागापासून नाही. ‘किरण पृष्ठभागाशी ३० अंशाचा कोन करतो’ असं म्हटलं असेल तर आपाती कोन ६० अंश.

इंद्रधनुष्याच्या आकृतीत थेंबातून बाहेर पडतानाचं दुसरं अपवर्तन विसरतात.

वर फेकलेल्या चेंडूचा सर्वोच्च बिंदूला वेग शून्य असतो, त्वरण नाही. तिथेही ९.८ मी/सेकंद वर्ग, खालच्या दिशेनेच.

पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर जीची (गुरुत्व त्वरणाची) किंमत विचारली तर अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून धरा. ते दुप्पट झालं, म्हणून जी चौथाई : २.४५. नुसती उंची धरणाऱ्यांचं उत्तर ९.८ येतं, म्हणजे ६४०० किमी वर जाऊनही काही बदललं नाही.

चंद्रावर वस्तुमान बदलत नाही. ६० किलोचा माणूस तिथेही ६० किलोच. वजन ५८८ न्यूटनचं ९८ न्यूटन होतं.

पाण्याचं असंगत आचरण लिहिताना ‘४ अंश’ हा आकडा आला नाही तर बाकी अर्धं पान लिहून उपयोग नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाईलवर फिरणाऱ्या ‘अतिमहत्त्वाच्या’ याद्यांबद्दल काय बोलावं. पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. यादीतले प्रश्न पाठ करून जाणारा त्या तीन मिनिटांत आठवत बसतो.

हात आणि पेन

फ्लेमिंगचे दोन नियम. डावा हात विद्युत मोटारीसाठी, उजवा जनित्रासाठी. दोन्हीत तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं. अंगठा डाव्या हातात बलाचा आणि उजव्या हातात वाहकाच्या गतीचा. हे सगळ्यांना येतं. चूक वेगळीच होते. उजव्या हातात पेन असतं, डावा रिकामा. मोटारीचा प्रश्न आला की रिकामा हात वर येतो आणि उत्तर बरोबर निघतं. जनित्राचा आला तरी तोच रिकामा हात वर येतो आणि विद्युतधारेची दिशा नेमकी उलटी निघते. डावखुऱ्यांचं याच्या उलट, त्यांची मोटार चुकते. तेव्हा दिशेचा प्रश्न दिसला की पेन आधी बाकावर ठेवा.