टाइल अन् काच घेताना जाडी नंतर बघा, आधी हे बघा

लातूर असो का परभणी, दुकानात गेलं की पहिला प्रश्न एकच, जाड कोणती हाय? जाडीनं फरक पडतो, पण टाइल अन् काच तुटायचं खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. दोन्ही दाबाला लई पक्क्या, ताणाला मात्र कच्च्या. लोखंड आधी वाकतं, ह्या वाकत नाहीत, कुठंतरी बारीक चीर असती अन् ताण आला की तिथूनच तडकतात.

म्हणून टाइलखाली पोकळी ठेवू देऊ नका, लावून झाली की काठीनं वाजवून बघा, भदभद आवाज आला की मिस्त्रीला तेवढी काढून परत बसवायला लावा. फरशीला व्हिट्रिफाइड (लई भाजून घट्ट केलेली) टाइलच घ्या, ती वजनाच्या 0.5 टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही. शंका असली तर 1 किलोचा तुकडा रात्रभर भिजवा अन् पुसून वजन करा, व्हिट्रिफाइडचं वजन 5 ग्रॅमनंपण वाढत नाही, भिंतीच्या टाइलचं जवळपास 100 ग्रॅमनं वाढतं. अन् स्पेसर (दोन टाइलांमधी ठेवायचे प्लास्टिकचे बारके तुकडे) लावून 2-3 मिमी गॅप सोडाच, भिंतीकडंनी 8-10 मिमी (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, म्हंजे स्कर्टिंगखाली, झाकून जाते), कारण आपल्याकडं उन्हाळ्यात फरशी तापून पसरती, त्यात घराखालची काळी माती पावसात फुगती अन् उन्हात भेगाळती, गॅप नसला की टाइला उचकटून वर येतात.

आता काच. पश्चिमेच्या खिडकीत 42 डिग्रीच्या उन्हात काचेचा मधला भाग तापून पसरायला बघतो, फ्रेममधली कड गार राहती, मग कडेवर ताण येतो. साधी काच साधारण 40 डिग्रीचा फरक झेलती, टफन (तापवून गार करून कडक केलेली) 200 पर्यंत. काळी फिल्म लावली तर काच अजून तापती, तिथं टफनच पाहिजे. टफन काच 620 डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात, त्यानं वरचा थर कायम दाबात राहतो, म्हणून ती साध्या काचेच्या 4-5 पट ताकदीची.

पण एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, भोकपण पाडता येत नाही, म्हणून बिजागरी-हँडलची मापं आधीच पक्की करून द्या. गॅलरीच्या रेलिंगला मात्र लॅमिनेटेड टफन (दोन काचांमधी प्लास्टिकचा थर चिकटवलेली) घ्या, नुसती टफन फुटली की बारीक दाणे होऊन खाली सांडती, लॅमिनेटेड मधल्या थराला चिकटून राहती. काच आल्यावर कोपऱ्यातला टफनचा शिक्का बघा अन् कडेवरनं नजर फिरवा, कडेला टवका उडालेला दिसला तर ती काच बसवू नका, तशीच परत पाठवा.