जपानी शाळेतला मार्च: नव्याने येणाऱ्या इंग्रजी शिक्षकांसाठी

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला येऊ पाहणारी मराठी मुलं-मुली मला व्हिसा, पगार, शाकाहारी जेवण याबद्दल विचारतात. मार्च महिन्याबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून मी तेच सांगते.

इथलं शाळेचं वर्ष एप्रिल ते मार्च. परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला बोलावणाऱ्या, 1987 पासून चालू असलेल्या जपान सरकारच्या जेट योजनेतून येणारे बहुतेक जण मात्र जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये पोचतात. चुगाक्को म्हणजे आपली सातवी ते नववी. तिथल्या शेवटच्या वर्षाची मुलं तुमच्या वाट्याला जेमतेम सात महिने येतात. नावं पाठ होईपर्यंत ती निघालेली असतात.

मी नागानो भागातल्या एका छोट्या गावात होते. एएलटी, म्हणजे सहायक शिक्षक, आठवड्यात दोन-तीन शाळांत फिरतो. पहिल्या वर्षी चुगाक्कोचा सोत्सुग्योशिकी, म्हणजे पदवीदान, नेमका माझ्या प्राथमिक शाळेच्या दिवशी आला. मी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. दोन दिवसांनी गेले तर शेवटच्या वर्षाचे बुटांचे कप्पे रिकामे होते, नावांच्या पट्ट्यासुद्धा काढलेल्या. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. तेव्हा जानेवारीतच क्योतो-सेन्सेईंना, म्हणजे उपमुख्याध्यापकांना, भेटा आणि त्या दिवशी हजर राहायचंय हे स्पष्ट सांगा. ते वेळापत्रक बदलून घेतात, आणि तुम्ही विचारलंत याचा त्यांना आनंदच होतो.

त्या दिवशी काळा सूट घाला. आपल्या दहावीच्या निरोप समारंभासारखं शिक्षकांच्या नकला, समोसे, वेफर्स असं इथे काही नसतं. गारठलेल्या व्यायामशाळेत लाल-पांढरे पडदे लावतात. वर्गशिक्षक एकेक नाव पुकारतात, मूल 'हाइ' म्हणून उभं राहतं आणि मुख्याध्यापकांकडून प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतं. किती वाकायचं याचीसुद्धा आधी तालीम झालेली असते. पहिल्यांदा मला हे सगळं फार कडक वाटलं. मग मुलं गायला लागली आणि वर्गात कायम टेबलावर डोकं टाकून झोपणारे मुलगेही हुंदके देऊ लागले. आपलेही डोळे भरले तर भरू द्यावेत.

तुमच्या हातात खरं तर एकच गोष्ट असते, चिठ्ठी. दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांना 'गुड लक' लिहिलेली एकसारखी कार्डं दिली. मुलींनी ती शेजारी शेजारी धरून पाहिली आणि काही न बोलता दप्तरात ठेवली. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीभर रोज चार-पाच कार्डं लिहिली. प्रत्येकाला दोनच वाक्यं, तीही त्यांना शब्दकोश न उघडता वाचता येतील अशी, आणि फक्त त्याच मुलाला लागू पडतील अशी. एकाला लिहिलं, 'तू एकदा मला खडू उचलून दिलास, मला आठवतंय.' एका मुलीबरोबर मी एइकेन या जपानमधल्या इंग्रजीच्या परीक्षेतल्या तिसऱ्या श्रेणीच्या तोंडी परीक्षेची शाळा सुटल्यावर तयारी करायचे. तिला तिचंच एक चुकलेलं वाक्य लिहून दिलं, ज्यावर आम्ही दोघी खूप हसलो होतो. नावांच्या कान्जींचे, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांचे, उच्चार वर्गशिक्षकांकडून आधी तपासून घ्या. एकच कान्जी दोन मुलांच्या नावांत वेगवेगळी वाचली जाते.

आणखी एक सांभाळा. 'कुठल्या हायस्कूलला लागलास?' असं त्या दिवशी सहज विचारू नका. बऱ्याच ठिकाणी सरकारी हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे निकाल या समारंभानंतर लागतात. हसऱ्या चेहऱ्यामागे मूल धास्तावलेलं असतं.

काय बोलायचं हा प्रश्न उरतो. 'सायोनारा' मुलं रोजच शाळा सुटताना म्हणतात. मला आठवली ती आजी, जी आम्हाला कधी 'जाते' म्हणू द्यायची नाही, 'येते' म्हण म्हणायची. जपानीतही घरातून निघताना 'इत्तेकिमास' म्हणतात, म्हणजे जाऊन येते. मागे राहणारा म्हणतो 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. फाटकाशी ती एइकेनवाली मुलगी कार्ड छातीशी धरून आली, वाकली आणि इंग्रजीत काही बोलायला गेली, पण शब्द फुटेना. मी म्हटलं, "इत्तेराश्शाइ." तिने डोळे पुसले, "इत्तेकिमास" म्हणाली आणि बर्फ वितळून ओल्या झालेल्या रस्त्यावरून आईबरोबर निघून गेली.