सवय बदलताना खाडा पडतो, त्याचं काय करायचं

तंबाखू सोडायची, पहाटे फिरायला जायचं, रात्री मोबाइल बाजूला ठेवून वेळेत झोपायचं. काय करायचं हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि पहिला आठवडा उत्साहात निघूनही जातो. गाडी अडते ती तीन-चार आठवड्यांनी. मी तंबाखू सोडली तेव्हा तिथेच अडकलो होतो, आणि नंतर कारखान्यातल्या, गल्लीतल्या ज्यांच्या ज्यांच्या सोबत राहिलो ते बहुतेक तिथेच अडकले. म्हणून सुरुवातीचं भराभर सांगतो.

एका वेळी एकच सवय घ्या. ती इतकी लहान करा की अंगात कणकण असली तरी जमेल: ‘रोज तासभर चालणार’ असं नको, ‘चहा झाला की चपला घालून कोपऱ्यापर्यंत’ एवढंच. घरातली पुडी आणि चुन्याची डबी आजच टाकून द्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री त्या तारखेवर फुली मारा. फिरायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास सुरुवात करा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कंबर तलावाच्या काठी सकाळी आठलाही चालवत नाही. झाली तयारी.

तंबाखूवाल्यांना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, माणूस कुणावरही खेकसतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते मनाला लावून घेणार नाहीत. तल्लफ आली की ती वाढतच जाणार असं वाटतं, पण साधारण काही मिनिटांत ती उतरते. तेवढा वेळ टपरीपासून लांब जा, पाणी प्या, बडीशेप चघळा. सुपारीवर मात्र जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ म्हणणाऱ्याने काहीच सोडलेलं नसतं.

आता खरी अडचण. ‘एकवीस दिवस करा, सवय लागते’ हा सल्ला जो तो देतो, आणि याच सल्ल्याने मी सगळ्यात जास्त माणसं हात टेकताना पाहिलीत. हा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. पुढे ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना चिकटली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. खाणं, पिणं, व्यायाम अशा साध्या सवयी होत्या. त्या अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटेत फारसा फरक पडत नाही.

एकवीसच्या भरवशावर बसलेल्या माणसाला बाविसाव्या दिवशी तल्लफ येते. तो म्हणतो, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग लग्नसराईत किंवा गड्ड्याच्या जत्रेत चार मित्र भेटतात, एक जण तळहातावर मळून पुढे करतो, आणि खाडा पडतो. तो एक विडा कुणाला बुडवत नाही. बुडवतो तो रात्रीचा विचार: ‘आता मोडलंच ना, मग यंदाची जत्रा होऊ दे, पुढच्या महिन्यापासून बघू.’ इथे माणूस विडा खातो तो तल्लफेपायी नाही, स्वतःवरच्या रागापायी.

तेव्हा खाडा पडला की एवढंच करा. त्या तारखेचा चौकोन रिकामा सोडू नका. त्यात बारीक अक्षरात लिहा: ‘दुपारी ३, कारखान्याबाहेरची टपरी, मालक बोलले होते.’ वेळ, जागा, कारण. ‘मी नालायक’ असलं काही लिहायचं नाही. महिनाभराने ते चौकोन एकत्र वाचा. बहुतेकांचे खाडे एक-दोन जागीच पडलेले दिसतात. मग सोडवायला एक टपरी आणि दुपारचे तीन उरतात, सगळा स्वभाव बदलायची गरज राहत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र फुली पडलीच पाहिजे, यात सूट नाही. आणि मोजणी परत एकपासून सुरू करू नका. चाळीस फुल्या मारून एक खाडा पडला, तर चाळीस फुल्या आहेतच. त्या पुसायचा हक्क कुणी दिला?

‘आधी स्वतःवर विश्वास ठेवा’ हेही लोक फार सांगतात. दहा वेळा मोडलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की असा विश्वास सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून दाखवलेल्या कामातून. म्हणून काम लहान ठेवायचं. कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं कुणाला फुटकळ वाटेल, पण सकाळी ठरवलं आणि दहा मिनिटांत केलं, एवढं तुम्हाला स्वतःबद्दल कळतं. विश्वास त्या मागून येतो.

देवापुढे शपथ घेऊ नका. तुळजापूरला, अक्कलकोटला जाऊन शपथ घेणारे खूप असतात, आणि ती मोडली की ते देवालाही तोंड दाखवत नाहीत, मला तर नाहीच. शपथ टिकते हे पटवायला लोक माळ घातलेल्या वारकऱ्याचं उदाहरण देतात. त्याच्याभोवती फडाची, दिंडीची माणसं असतात, तो एकटा नसतो. तुम्हीही एक माणूस धरा, ज्याला रोज रात्री ‘झालं’ किंवा ‘खाडा’ एवढंच कळवायचं. उपदेश करणारा नको. मेहुणा, भाऊजी, शेजारच्या मागावरचा गडी, कुणीही चालेल.

एक गोष्ट मात्र स्वतःच्या जिवावर करू नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. तंबाखूसाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६. तिथले समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात.