मोडाच्या मुगाच्या आंबोळ्या: रक्तदाब असणाऱ्यांनी कशा कराव्यात

शरीरातलं एसीई नावाचं एन्झाइम अँजिओटेन्सिन-2 तयार करतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढतो. कडधान्यांच्या प्रथिनांचे काही छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, या एन्झाइमला अडवतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. याच एन्झाइमला अडवणारं कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषधही ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून सुचलं. अख्ख्या मुगात हे तुकडे प्रथिनांत गुंतलेले असतात. मोड येताना आणि पीठ आंबताना प्रथिनं तुटतात नि ते सुटे होऊ लागतात. आंबोळीत दोन्ही क्रिया होतात, म्हणून मला ती पटते.

1. एक वाटी मूग 8 तास भिजवा, उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड नखाएवढे झाले की पुरे. बुळबुळीत झाले किंवा वास आला तर सरळ टाकून द्या.

2. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या वेगळ्या भिजवा. मुगासकट वाटून पीठ झाकून रात्रभर ठेवा. थंडीत जास्त वेळ लागतो. वर जाळी दिसली आणि आंबूस वास आला की पीठ तयार.

3. इथेच बहुतेकांचं बिघडतं: पीठ फुगलं नाही म्हणून सोडा घातला जातो. 5 ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे 1,370 मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसभराची मर्यादाच 2,000 मिलिग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. तेव्हा सोडा नकोच, पीठ आणखी दोन-तीन तास ठेवा. मीठही चिमूटभरच. चव आलं, मिरची, जिरं नि कोथिंबिरीने आणा.

4. बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. सोबत लोणचं-पापड नको, बिनमिठाची ओल्या खोबऱ्याची चटणी घ्या.

माणसांवरचे पुरावे अजून तोकडे आहेत, त्यामुळे आंबोळ्या सुरू केल्या म्हणून गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं किती खायची ते आधी डॉक्टरांना विचारा. फरक पडतोय का हे पाहायचं असेल तर रोज सकाळी, चहाआधी आणि गोळीआधी, 5 मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीवर ठेवून दोनदा रक्तदाब मोजा. आकडे वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला वही बरोबर न्या.