दात काढल्यावर खड्ड्यात बोन ग्राफ्ट (नवं हाड धरावं म्हणून घालायचे दाणे) भरताना
ग्राफ्ट गाईच्या हाडापासून बनवलेला असेल तर पेशंटला आधीच स्पष्ट सांगा आणि लेखी संमती घ्या. हे लपवणं अक्षम्य आहे. सील आणि मुदत तपासा, लॉट नंबरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवा.

खड्डा क्युरेटने (चमच्यासारख्या छोट्या अवजाराने) नीट खरवडा. पू दिसला तर त्या दिवशी ग्राफ्ट नकोच. भिंतींतून ताजं रक्त यायला हवं. ०.२५ ते १ मिमीचे दाणे निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवा. ओल्या वाळूसारखे एकत्र धरले की हलक्या हाताने, हाडाच्या कडेपर्यंतच भरा. ठासून भरलं तर दाण्यांमधल्या फटी बुजतात, रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि हाड धरत नाही. वर कोलॅजन मेम्ब्रेन (विरघळणारा पातळ पडदा), मग ताण न देता टाके. उरलेले दाणे टाकून द्या. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करून पुन्हा वापरू नका. इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) साधारण ४ ते ६ महिन्यांनी.